इथिओपिया आणि युरोप : धर्मसंबंधांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पंधराव्या ते सतराव्या शतकांतील इथिओपिया आणि युरोप यांच्या संबंधांचा इतिहास बहुधा पोर्तुगीज व जेझुइट लेखकांच्या आधारे सांगितला जात असल्याने त्यात इथिओपियन लोक केवळ मदतीचे याचक किंवा उपदेशाचे श्रोते म्हणून दिसतात. वास्तविक परकीयांकडून काय घ्यावे आणि काय नाकारावे, याचा निर्णय त्यांनी सहसा स्वतःच्याच हाती ठेवला होता.

गैरसमज : इथिओपियात ख्रिस्ती धर्म युरोपीयांनी नेला.
वस्तुस्थिती : इथिओपियातील प्राचीन अक्सुम राज्याचा राजा एझाना याने चौथ्या शतकातच हा धर्म स्वीकारला होता. तेथील चर्चच्या प्रमुखाची, म्हणजे 'अबुन'ची, नेमणूक रोमहून नव्हे तर इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून होई. आणि ख्रिस्ताच्या ठायी दैवी व मानवी स्वभाव एकरूप आहेत असे मानणाऱ्या या चर्चने इ.स. 451 च्या कॅल्सेडन धर्मपरिषदेचा द्विस्वभावाचा सिद्धान्त स्वीकारला नव्हता.

गैरसमज : संबंधांसाठी पुढाकार नेहमी युरोपनेच घेतला.
वस्तुस्थिती : इथिओपियाचे दूत 1402 मध्येच व्हेनिसला पोहोचले होते, आणि रोममधील इथिओपियन भिक्षूंच्या साहाय्याने 1513 मध्ये गीझ या त्यांच्या धर्मभाषेतील स्तोत्रसंहिता तेथे छापली गेली. राजमाता एलेनी हिचा दूत मातेउस 1512 मध्ये गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेटून पुढे लिस्बनला गेला. पोर्तुगीज राजाचे शिष्टमंडळ इथिओपियात उतरले ते त्यानंतर, 1520 मध्ये.

गैरसमज : सुंता आणि शनिवारचा विश्रामदिन पाळणारे इथिओपियन लोक वस्तुतः यहुदी आचारच पाळत होते.
वस्तुस्थिती : जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या मिशनऱ्यांच्या या आक्षेपाला राजा गलावदेवोस याने 1555 च्या सुमारास आपल्या श्रद्धानिवेदनात सविस्तर उत्तर दिले. सुंता हा मोक्षाचा मार्ग नसून केवळ देशाचार आहे, जसे नुबियात चेहऱ्यावर व्रण करतात आणि हिंदुस्थानात कान टोचतात, असे त्याने मांडले. आणि शनिवार आपण यहुद्यांच्या रीतीने पाळत नाही, हेही स्पष्ट केले.

गैरसमज : लष्करी मदतीच्या मोबदल्यात इथिओपियाने पोपची सत्ता कायमची मान्य केली.
वस्तुस्थिती : क्रिस्तोव्हाँव द गामा 1541 मध्ये सुमारे 400 पोर्तुगीज सैनिकांसह आला आणि पुढच्याच वर्षी मारला गेला. उरलेल्या पोर्तुगिजांना सोबत घेऊन गलावदेवोसने 1543 मध्ये इथिओपियावर चढाई करणाऱ्या इमाम अहमदचा पराभव केला, तरीही त्याने रोमचे वर्चस्व मानले नाही. पुढे पेद्रो पाएझ या जेझुइटाच्या सौम्य प्रयत्नांमुळे राजा सुसेन्योस 1622 मध्ये उघडपणे कॅथलिक झाला खरा. पण पाएझच्या मृत्यूनंतर आलेल्या आफोंसो मेंदेस या धर्माधिकाऱ्याने लोकांना पुन्हा बाप्तिस्मा आणि पुरोहितांना पुन्हा दीक्षा देण्याचा हट्ट धरल्याने बंडे पेटली. 1632 मधील भीषण रक्तपातानंतर सुसेन्योसने जुना धर्म पुन्हा प्रस्थापित करून राज्य पुत्र फासिलिदेसकडे सोपवले, आणि हद्दपार झालेल्या मेंदेसची अखेरची वर्षे गोव्यात गेली.

गैरसमज : जेझुइटांना घालवून इथिओपियाने जगाशी नाते तोडले.
वस्तुस्थिती : फासिलिदेसने रोमच्या मिशनऱ्यांना मज्जाव केला, तरी औरंगजेबाच्या दरबारी आपले वकील पाठवले. अब्बा गोर्गोर्योस हा विद्वान धर्मगुरू तर 1652 मध्ये जर्मनीतील गोथा येथे हिओब लुडोल्फ या जर्मन अभ्यासकाला आपली भाषा व इतिहास शिकवत होता, आणि लुडोल्फचा 1681 चा इथिओपियाचा इतिहास याच शिकवणीच्या आधारावर उभा राहिला. म्हणूनच इथिओपियाने नकार दिला तो युरोपशी संवाद साधण्याला नव्हे, तर आपल्या चर्चवर युरोपने गाजवू पाहिलेल्या हुकमतीला.