पाइकची वेळ दुपारची!

रात्रीचे साडेअकरा. उद्या सबमिशन, जर्नल अर्धवट आणि नेमका तेव्हाच व्हिडीओ कॉल. स्क्रीनवर पांढरंशुभ्र मैदान, दूरवर फडफडणारा एक नारिंगी झेंडा आणि त्याच्या दिशेने धावत सुटलेला माझा आत्तेभाऊ. ‘उठला, झेंडा उठला!’ एवढंच ऐकू येत होतं. दादा मास्टर्ससाठी अमेरिकेत मिनेसोटाला आहे आणि ज्याला मी मैदान समजले तो होता गोठलेला तलाव. तिकडे तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते.

ही दुपारची वेळ लक्षात ठेवा मंडळी, कारण आजचा सगळा विषय तिचाच आहे.

मासेमारी म्हटलं की आपल्या डोक्यात पहिली येते ती पहाट. दादाच्याही डोक्यात तीच होती. त्यामुळे पहिल्या वेळी पठ्ठ्याने पाचचा अलार्म लावला, मित्रांना उठवलं आणि उणे अठरा तापमानात, अंधारात बर्फावर जाऊन बसला. साडेनऊपर्यंत बोटं बधिर, मासा शून्य. ही मंडळी गाशा गुंडाळत होती, तेव्हा तिथले एक आजोबा थर्मास घेऊन निवांत येत होते. पाइक हवा असेल तर इतक्या लवकर कशाला आलात, असं त्यांनी हसत विचारलं म्हणे.

आजोबांना ठाऊक असलेलं गणित समजून घ्यायचं तर आधी पाइकची ओळख हवी. लांबट हिरवट अंग, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि त्यात सुयांसारखे दात. हा मासा सावजाच्या मागे मैलभर पळत नाही. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि सावज टप्प्यात आलं की बाणासारखा सुटतो. सावज हेरण्यासाठी त्याची मोठी भिस्त डोळ्यांवर असते. म्हणजे उजेड हवाच.

आता हिवाळ्यातल्या तलावाचा विचार करा. वर बर्फाचा थर, त्यावर पुन्हा भुसभुशीत हिम. खाली पोहोचतो तो उजेड आधीच गाळून गाळून आलेला. डिसेंबरच्या अखेरीस मिनियापोलिसला सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा! सूर्य त्यातल्या त्यात वर येतो तो अकरा ते दोनच्या दरम्यान. पाण्याखाली सगळ्यात स्पष्ट दिसतं तेही याच वेळात. त्यात पाइकचं आवडतं खाणं म्हणजे पर्च नावाचे छोटे मासे. तेही दिवसा हिंडतात आणि रात्री तळाशी पडून राहतात. जिथे डबा उघडलाय तिथेच पाइक हजर.

मग पहाटेचा फंडा आला कुठून? त्याच तलावातून! मिनेसोटाचा राज्यमासा आहे वॉलाय. त्याच्या डोळ्यांत मांजरासारखा उजेड परावर्तित करणारा थर असतो. त्यामुळे मंद उजेडात इतर मासे चाचपडत असताना वॉलायला मात्र छान दिसतं. म्हणून वॉलायवाले पहाटे आणि तिन्हीसांजेला बसतात, पाइकवाले दुपारी. तलाव एकच, पण दोन माशांची घड्याळं वेगळी. दादा पाइकसाठी गेला होता वॉलायच्या घड्याळाने.

दुसरी गोष्ट थंडीची. चार अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वात जास्त असते, हे शाळेत घोकलेलं आठवतंय? त्यामुळेच वर शून्य अंशाचा बर्फ असताना खोल तलावाच्या तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास राहतं. पाइकचं रक्त थंड, त्यामुळे इतक्या गार पाण्यात त्याचं शरीर मंदावतं. तो खाणं सोडत नाही, पण उगाच ताकद दवडत नाही. म्हणून दिवसभर थोडं थोडं मिळण्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासात एकदम धमाल आणि मग सामसूम, असंच चालतं.

अर्थात, अकरा ते दोन ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. कधी सकाळी उजाडल्यानंतर, तर कधी सूर्य कलण्याआधीही पाइक जोरात असतो. शिवाय महिन्यागणिक जागा बदलते. बर्फ नुकता धरलेला असतो तेव्हा तो उथळ, हिरव्या खाड्यांत सापडतो. ऐन जानेवारीत तिथल्या वनस्पती कुजतात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि तो खोलात सरकतो. फेब्रुवारी सरता सरता पुन्हा काठाकडे येतो, कारण बर्फ वितळला की लगेच त्याचा विणीचा हंगाम असतो.

बर्फावर पद्धतही भन्नाट आहे. गिरमिटाने भोक पाडायचं, त्यावर टिप-अप नावाचं साधन ठेवायचं, आमिष खाली सोडायचं आणि लांब जाऊन बसायचं. माशाने ओढ दिली की झेंडा ताडकन उभा राहतो. लायसन्स मात्र हवं.

आणि जागरण करायचंच असेल, तर ते बर्फाची चौकशी करण्यासाठी करा. चालण्यासाठी निदान चार इंच नवा, नितळ, पक्का बर्फ हवा, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. पांढरट बर्फ आणखी जाड लागतो. एकाच तलावात इथे आठ इंच आणि पन्नास पावलांवर दोन इंच असू शकतो. म्हणून जुनेजाणते लोक जाता जाता बर्फ मोजत जातात आणि गळ्यात बर्फात रुतवायचे टोकदार दांडे अडकवतात. पाण्यात पडलंच तर त्यांच्या आधारे वर येता येतं. अंधारात ना भेग दिसते, ना वाहत्या पाण्याची जागा. दुपारचा हा फायदा माशापेक्षाही मोठा आहे. तुमचं कुणी तिकडे शिकायला गेलं असेल तर हा परिच्छेद त्यांना जरूर पाठवा.

तर, त्या कॉलचं पुढे काय झालं? दादाने हाताने दोर ओढला, पाइक वर आला. फूटपट्टी लावली, २४ इंच. राज्याच्या उत्तर-मध्य भागात २२ ते २६ इंचांचा पाइक परत सोडावाच लागतो. छोटे पाइक फार झालेत, मोठे उरावेत म्हणून हा नियम. शिवाय अशा थंडीत मासा बाहेर राहिला की त्याचे डोळे आणि कल्ले गोठू लागतात. दादाने गळ सोडवला आणि मासा भोकातून अलगद खाली सोडला. शेपटीचा एक फटकारा, झालं.

‘फोटो?’ मी विचारलं.

‘वेळ कुठे होता,’ तो म्हणाला आणि झेंडा पुन्हा लावायला बसला. त्याच्याकडे अजून दोन तास होते. माझ्याकडे अर्धवट जर्नल.