न्यूम्बूचं वासरू आणि गोवराची लस

सफारीवरून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सिंह दिसला का?’ दिसला. हत्ती, चित्ता, पाणघोडेही दिसले. पण टांझानियातल्या सेरेंगेटीचा निरोप घेताना मनात राहिलं ते न्यूम्बूचं एक वासरू. न्यूम्बू हे विल्डबीस्टचं स्वाहिली नाव. फेब्रुवारीत दक्षिणेकडच्या माळावर त्यांचा विणीचा हंगाम असतो. आमच्या जीपसमोर नुकतंच जन्मलेलं वासरू धडपडत उठलं आणि काही मिनिटांत आईमागे पळू लागलं. भोवती नजर पोचेल तिथवर कळपच कळप.

हे कळप पूर्वी एवढे मोठे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडी हा गुरांचा रोग आफ्रिकेत पसरला. गुरं मेली, न्यूम्बूही मेले. पुढे कित्येक दशकं आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरली, की वासरं या रोगाला बळी पडत. १९६१ च्या सुमारास सेरेंगेटीत अडीच लाखांच्या आसपास न्यूम्बू होते. १९७७ पर्यंत ते सुमारे तेरा लाख झाले.

गंमत म्हणजे न्यूम्बूंना लस कुणी टोचलीच नाही. ती दिली आसपासच्या गाईगुरांना. गुरांमधला विषाणू आटोक्यात आला, तसा रानातलाही संपला. २०११ मध्ये बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतरचा हा दुसराच रोग.

बुळकांडीचा विषाणू हा गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. म्हणून रुग्णालयात परतल्यावर ते वासरू पुन्हा आठवलं. एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन ओपीडीत आल्या होत्या. गोवराचा दुसरा डोस राहिला होता. ‘‘गोवर आता दिसतो कुठं डॉक्टर? मग पोराला सुई कशाला?’’

मी त्यांना न्यूम्बूची गोष्ट सांगितली. आपल्याकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यानंतर देतात. त्याआधीच आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरू लागतं. त्या तान्ह्या बाळांना जपतात ती भोवतालची लस घेतलेली मुलं. गोवर दिसत नाही, तो लसीमुळेच. लस चुकली की तो परत येतो.

आजींनी नातवाची बाही वर सारली. मग विचारलं, ‘‘ते वासरू जगलं का हो?’’

‘‘ठाऊक नाही. सिंह होते तिथं. पण बुळकांडीनं नक्की मरणार नाही.’’