संसर्ग ओसरल्यावर सुरू होणारे मज्जासंस्थेचे विकार: बालकांच्या निदानातील गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलांच्या मज्जासंस्थेच्या ज्या विकारांना संसर्गोत्तर म्हटले जाते, त्यांच्याविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ एकाच धारणेत आहे: आजार आणि त्याला कारणीभूत ठरलेला जंतू हे दोघेही एकाच वेळी शरीरात सापडले पाहिजेत. मेंदूज्वराच्या बाबतीत ही धारणा बरोबर आहे. नागपूर परिसरात १९६५ साली प्रथम आढळलेला चांदीपुरा विषाणू मुलांच्या मेंदूवर थेट घाला घालतो आणि ताप, झटके व बेशुद्धी हे सारे काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत घडून येते. संसर्गोत्तर विकारांत मात्र घसादुखी, जुलाब किंवा कांजण्या बऱ्या झालेल्या असतात, मूल शाळेत जाऊ लागलेले असते आणि मग काही दिवसांनी, आठवड्यांनी, कधी तर महिन्यांनी त्याचे चालणे, बोलणे किंवा वागणे बिघडू लागते. येथे नुकसान जंतू करत नसतो. त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने बनवलेली प्रतिपिंडे, म्हणजे परक्या घटकाला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, जंतूशी साम्य असलेल्या आपल्याच मज्जापेशींवर उलटलेली असतात. म्हणूनच ‘तपासणीत जंतू सापडला नाही, तेव्हा आधीच्या आजाराशी याचा संबंध नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. मागील सहा-आठ महिन्यांत मुलाला काय झाले, कोणत्या सुमारास झाले आणि कोणती औषधे दिली गेली, याची तारीखवार हकिगत हाच निदानाचा पहिला आधार असतो आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी तीच सर्वांत घाईने विचारली जाते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते सिडनहॅम कोरिया या विकारात. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ साली त्याचे वर्णन केले, परंतु त्याचा घशाच्या संसर्गाशी असलेला संबंध पुष्कळ नंतर उलगडला. अ गटातील स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा धरल्यानंतर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो, म्हणजे सांधे, हृदय आणि मेंदू यांना प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या माऱ्यामुळे सूज येते. त्यात सांधे साधारण दोन-तीन आठवड्यांत दुखू लागतात, तर मेंदूची लक्षणे बहुधा एक ते सहा महिन्यांनी उमटतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, आणि मुलींमध्ये अधिक, हा विकार आढळतो. हाताने घास तोंडाशी नेताना सांडतो, वहीतले अक्षर अचानक बिघडते, चेहरा वेडावाकडा होतो, मूल लहानसहान कारणावरून रडू लागते. या हालचाली झोपेत थांबतात आणि चारचौघांत वाढतात, त्यामुळे घरात व शाळेत मूल सोंग करते, वांडपणा करते किंवा त्याला बाहेरची बाधा झाली, असे मानले जाते. झोपेत हालचाल थांबणे हा सोंगाचा पुरावा नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचालींना लगाम घालणाऱ्या केंद्रकांच्या बिघाडाचे ते नेहमीचे लक्षण आहे.

या विकाराची तपासणी यंत्राविना, खाटेशेजारीच होते. डॉक्टर आपली दोन बोटे मुलाच्या मुठीत देऊन ती घट्ट धरून ठेवायला सांगतात, तेव्हा पकड एकसारखी राहत नाही. धार काढणाऱ्या हातासारखी ती आवळते आणि सैलावते. जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली, तर ती क्षणात आत ओढली जाते. दोन्ही हात डोक्यावर उंच धरले की तळवे आपोआप बाहेरच्या बाजूला वळतात. मेंदूचा एमआरआय बहुतेक मुलांत सामान्यच येतो, म्हणून ‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे मेंदूला काही झालेले नाही’ हे समाधान फसवे असते.

एएसओ या रक्ततपासणीविषयीचा गैरसमज तर दुहेरी आहे. ही तपासणी स्ट्रेप्टोकोकसविरुद्धच्या एका प्रतिपिंडाचे प्रमाण सांगते. ते संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी कमाल पातळी गाठते आणि पुढे उतरत जाते. शाळकरी मुलांत अशी घसादुखी वारंवार होत असल्याने अगदी निरोगी मुलाचेही एएसओ वाढलेले असू शकते, आणि केवळ तेवढ्या अहवालावरून पाय दुखणाऱ्या मुलाला ऱ्हुमॅटिक तापाचा शिक्का बसतो. उलट, कोरिया दिसू लागेपर्यंत इतका काळ लोटलेला असतो की खऱ्या रुग्णाचे एएसओ सामान्य येते आणि निदान हुकते. १९४४ साली डकेट जोन्स यांनी मांडलेल्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या निकषांमध्ये कोरियाला म्हणूनच सवलत दिली जाते: दुसरे कारण नाही याची खात्री झाली, तर आधीच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गाचा प्रयोगशाळेतील पुरावा नसतानाही निदान मान्य होते. ‘हालचाली काही महिन्यांत आपोआप थांबतात, मग तपासण्या कशाला’ हा युक्तिवाद यानंतर ऐकू येतो आणि तो सर्वांत घातक आहे, कारण त्याच प्रक्रियेने हृदयाच्या झडपा निकामी होत असू शकतात. स्टेथोस्कोपने ऐकू न येणारा झडपेचा दोष पकडण्यासाठी कोरियाच्या प्रत्येक मुलाची टू-डी इको तपासणी झालीच पाहिजे, आणि हालचाली थांबल्यावरही पेनिसिलिनची दर तीन-चार आठवड्यांची इंजेक्शने वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागतात.

पायांतील बळ अचानक जाणे म्हणजे पोलिओ, ही जुनी भीती आता निराळ्या रूपात दिसते: पोलिओ संपला, तेव्हा शौचाचा नमुना कशाला, असे पालक विचारतात. भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि तो परतला नाही हे कळते ते याच नमुन्यांमुळे. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, तर चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने दोन नमुने घेतले जातात. अशा लुळेपणाचे आज वारंवार आढळणारे कारण गियाँ-बारे सिंड्रोम हे आहे. २०२५ च्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत त्याचे रुग्ण वाढले, तेव्हा तो एकमेकांपासून लागतो अशी भीती पसरली. प्रत्यक्षात पसरतो तो दूषित पाण्यातून वा अन्नातून येणारा कॅम्पिलोबॅक्टरसारखा जुलाबाचा जंतू. पुढील मज्जाविकार हा ज्या-त्या रुग्णाच्या प्रतिकारशक्तीचा परिणाम असतो आणि तो संसर्ग झालेल्यांपैकी फार थोड्यांना होतो. लहान मुलांत त्याची सुरुवात पाय व पाठ दुखण्याने आणि चालायला नकार देण्याने होते, तेव्हा खेळताना लागले असेल असे समजून दिवस वाया जातात. दोन्ही पायांतील सारखा अशक्तपणा आणि गुडघ्यावर हातोडी मारूनही पाय न उडणे, या दोन खुणा निदानाकडे नेतात. आणि एका श्वासात मूल किती अंक मोजू शकते, हे रोज पाहिल्यास श्वसनाचे स्नायू दमत चालल्याची सूचना वेळेवर मिळते.

पुढची तपासणी पाठीतील पाण्याची, पण पाठीतून पाणी काढल्याने मूल कायमचे अधू होते, या समजुतीमुळे अनेक पालक येथेच संमती नाकारतात. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या बराच खाली घातली जाते. काढलेला थोडासा द्रव शरीर लवकरच भरून काढते. मेंदूतील दाब वाढल्याची शंका असेल, तर मात्र ही तपासणी लांबवली जाते. गियाँ-बारेमध्ये या द्रवात प्रथिने वाढतात व पेशी वाढत नाहीत, हे १९१६ साली दाखवले गेले. परंतु पहिल्या आठवड्यात अहवाल सामान्यही येतो, म्हणून तेवढ्यावरून आजार नाकारता येत नाही.

लसीविषयीच्या भीतीला इतिहासात एक खरा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली रेबीजची जुनी लस, जी भारतात २००४ च्या अखेरीपर्यंत वापरात होती, तिच्यातील मज्जाऊतीमुळे काहींना मेंदूची सूज येत असे. आजच्या पेशीसंवर्धित लसींत अशी ऊती नसते. गोवराचे गणित तर उलटेच आहे. गोवर झालेल्या साधारण हजार मुलांपैकी एकाला पुरळानंतर मेंदूची सूज येते, ज्यात संभ्रम किंवा गुंगी हे निदानासाठी अत्यावश्यक लक्षण असते आणि एमआरआयवर मेंदूच्या पांढऱ्या भागात विखुरलेले डाग दिसतात. काही मुलांत गोवराचा विषाणू मेंदूत दडून राहतो आणि सात-दहा वर्षांनी अभ्यासात घसरण, विसराळूपणा व ठरावीक काळाने बसणारे हिसके यांच्या रूपाने एसएसपीई हा जीवघेणा आजार पुढे येतो. शाळेत मागे पडणाऱ्या अशा मुलाला आळशी ठरवण्याआधी त्याच्या लसीकरणाचे कार्ड आणि बालपणीच्या गोवराची हकिगत पाहणे, मग मेंदूचा आलेख काढणे व पाठीतील पाण्यात गोवराची प्रतिपिंडे शोधणे, हा निदानाचा क्रम आहे.

राहता राहिला वागणुकीतील बदल. घशाच्या संसर्गानंतर अचानक उद्भवणाऱ्या मंत्रचळाच्या व अंगविक्षेपांच्या लक्षणांना सुसान स्वीडो व सहकाऱ्यांनी १९९८ साली पँडास हे नाव दिले. त्यावर तज्ज्ञांत अजूनही मतभेद आहेत आणि एकट्या वाढलेल्या एएसओवरून ते निदान करणे निश्चितच अयोग्य आहे. मात्र हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरातून सावरलेले मूल काही आठवड्यांनी पुन्हा चिडचिड करू लागले, झोपेनासे झाले, तोंडाच्या व हातापायांच्या विचित्र हालचाली करू लागले, तर तो मानसिक आघात किंवा विषाणूचाच दुसरा हल्ला समजून थांबता येत नाही. पाठीतील पाण्यात विषाणू न सापडल्यास त्याच नमुन्यात मेंदूपेशींवरील एनएमडीए ग्राहकांविरुद्धची प्रतिपिंडे शोधावी लागतात. ती केवळ रक्तात शोधली तर निसटू शकतात, आणि सापडली तर उपचाराची दिशा विषाणूरोधक औषधांकडून प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधांकडे वळते.