दुकान वाढवल्यानंतर

मराठी दुकानदार रात्री दुकान ‘बंद’ करत नाही, ‘वाढवतो’. बंद म्हणणं अशुभ, म्हणून ही बोलायची रीत. पण आमच्या घरी तो शब्द शब्दशः खरा होता. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान नऊला वाढवलं जायचं आणि तिथून पुढे ते घरभर वाढत जायचं. शटर ओढून, दोन्ही कुलपं दोनदोनदा हिसकून बघून वडील घरी येत, जेवायला बसत आणि घास हातातच राही. आई विचारी, “अहो, भाजी बिघडलीय का?” ते म्हणत, “त्या मिस्त्रीची एल्बो द्यायची राहिली.” मग ताटावरून उठून बिलबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर काहीतरी खरडून येत आणि उरलेलं जेवण मुकाट्याने संपवत.

दिवसभरात शंभरेक गिऱ्हाइकं नीट मार्गी लागलेली असत. त्यांतलं एकही ताटापर्यंत येत नसे. यायची ती राहिलेली पाइपाची एल्बो. असं का व्हावं?

बर्लिनमध्ये शंभर वर्षांपूर्वी काही मंडळी याच कोड्यामागे लागली होती. सांगतात, की कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, कॅफेतल्या वेटरला न फेडलेली बिलं तोंडपाठ असतात आणि पैसे मिळाले की ती डोक्यातून पुसली जातात. त्यांची विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक हिने लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि त्यांतली निम्मी मध्येच थांबवली. अर्धवट राहिलेली कामं लोकांना अधिक आठवली, असं तिने 1927 मध्ये मांडलं. आठवणीबद्दलचा हा निष्कर्ष पुढे प्रत्येक वेळी तसाच हाती आला नाही. पण तिची सहकारी मारिया ओव्सियांकिना हिने दाखवलेली गोष्ट जास्त पक्की ठरली: काम अर्ध्यात तोडलं, की कुणी सांगितलं नाही, बक्षीस नाही, तरी माणूस संधी मिळताच ते पुन्हा हातात घेतो. अपुऱ्या कामाला स्वतःची ओढ असते!

आता ही ओढ दुकानदाराच्या आयुष्यात ठेवून बघा. न फेडलेलं बिल म्हणजे उधारी, आणि आपल्याकडे तिची अख्खी वही असते. त्यात बँकेचा हप्ता, वीस तारखेचं जीएसटी रिटर्न, न सांगता दांडी मारलेला पोऱ्या. धंद्यात ‘झालं, संपलं’ असा क्षणच येत नाही. मालकाचं डोकं रात्री चालू राहतं त्याला लोक त्याचा स्वभाव म्हणतात, ‘फार विचार करतो’ म्हणतात. मला ते फार अन्यायाचं वाटतं. कुणाचंही डोकं हेच करेल. त्याच्या डोक्यात उघडी खाती जास्त आहेत, एवढंच.

आणि इथे मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट येते. उघडं खातं मिटवायला काम पूर्ण करावंच लागतं असं नाही. अमेरिकेतल्या मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं, की राहिलेलं काम कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तर दुसरं काही वाचताना ते मध्ये मध्ये डोकं वर काढायचं थांबतं. काम तसंच पडलेलं असतं, तरीही! 2018 मध्ये स्कलिन आणि सहकाऱ्यांनी 57 तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी करायची. करायची कामं लिहिणारे सरासरी सुमारे नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. झालेल्या कामांची उजळणी केली की मन निवांत होईल, असं आपल्याला वाटलं असतं ना?

मला वाटायचं, वडील विसरू नये म्हणून लिहितात. खरं तर ते विसरता यावं म्हणून लिहीत होते.

गल्लाच रिकामा असेल, तर मात्र नुसत्या यादीने भागत नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याच शेतकऱ्यांना ऊसतोडीआधी, हात तंग असताना, आणि पैसे आल्यावर तशीच कोडी घातली. आधी ती कमी सुटली. माणूस तोच, बुद्धी तीच. चिंतेने तिची जागा अडवलेली. म्हणून मंदीच्या महिन्यात दुकान विकायचा किंवा नवं कर्ज उचलायचा निर्णय एकट्याने रात्री घेऊ नये, असं मी प्रत्येक दुकानदार मित्राला सांगतो. घरात बोला, शेजारच्या दुकानदाराशी बोला. त्याच्याही वहीत तेच असतं.

आणि सलग दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच गोडी नाही असं झालं, तर हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर कुठल्याही वेळी, मराठीत, फुकट बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, आत्ताच फोन लावा.

वडिलांची जुनी बिलबुकं माळ्यावर सापडली. एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलंय: ‘पाऊण इंची एल्बो, 2 नग. सकाळी आठच्या आत, मिस्त्रीच्या घरी, पोऱ्याबरोबर.’ कधी, कुठे, कसं, तिन्ही आहे. वर एक आडवी काट मारलेली.