घाट ठरलेला, वेग आपला

हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे वाईत कृष्णेच्या घाटाजवळ पुण्या-साताऱ्याकडून आलेले सायकलस्वार दिसतात. चहा होतो, बाटल्या भरल्या जातात आणि चाके पसरणी घाटाकडे वळतात. पाचगणी अवघ्या बारा किलोमीटरवर. रोज सपाटीवर वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो. घाटातली पहिली काही वळणे झाली की बोलणे थांबते, कान तापतात, मांड्या भरून येतात. पुढे गेलेला सोबती नजरेआड होऊ नये म्हणून जोर वाढवला जातो आणि चूक होते ती इथेच.

डोंगरातल्या सायकल सहलीत किलोमीटर हे माप फसवे असते. तिथे पाहायचा तो चढ. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, तर पाचगणी १२९० मीटरच्या आसपास. म्हणजे या बारा किलोमीटरांत पावणेसहाशे मीटरहून थोडी जास्त उंची गाठायची. दर १०० मीटरला सरासरी ५ मीटर चढ.

तळ, भिंत आणि छप्पर

सह्याद्रीचा हा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. कठीण थर कड्यांसारखे उभे राहिले, ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार झाले. कृष्णेने हे थर कापत दरीचा तळ रुंद आणि सौम्य केला. वर जांभा दगडाचे पठार टिकून राहिले. पाचगणीचे टेबललँड हा त्याचाच तुकडा. त्यामुळे या खोऱ्यात सायकलला तीन प्रकारचे रस्ते मिळतात: तळाचे, भिंतीचे आणि छपरावरचे.

तळाचा रस्ता नवख्यांसाठी. वाईहून तीनेक किलोमीटरवर मेणवली, तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट. पुढे धोमचे नरसिंह मंदिर, मग धरण. धरणाच्या पाण्याच्या कडेने रस्ता जोरकडे, म्हणजे खोऱ्याच्या टोकाकडे जातो. वाटेत छोटे चढउतार आहेत, पण दम खाण्याची संधी लगेच मिळते. भिंतीचा रस्ता म्हणजे पसरणी घाट. तिथे पाचगणी येईपर्यंत चढ फारसा सुटत नाही. छपरावरचा रस्ता पाचगणी ते महाबळेश्वर, सुमारे १९ किलोमीटरचा. पठारावरचा असला तरी तो सपाट नाही, आणि घाटात दमलेल्या पायांना त्यातले छोटे चढही मोठे वाटतात.

काम तेच, ताकद वेगळी

७० किलोचा माणूस आणि १५ किलोची सायकल पाचगणीला नेण्यासाठी केवळ उंचीपोटी सुमारे ४८० किलोज्यूल काम करावे लागते. हे काम भौतिकशास्त्राने ठरवलेले आहे. त्यात घासाघीस नाही. हे काम किती वेळात करायचे, ते मात्र सायकलस्वाराच्या हातात असते.

एका तासात घाट चढायचा, तर पायांना सतत सुमारे १३० वॅट ताकद द्यावी लागते. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध त्यावर वेगळा. तोच घाट दीड तासात चढला, तर सुमारे ९० वॅट पुरतात. फारसा सराव नसलेल्या निरोगी प्रौढाला तासभर सलग झेपणारी ताकद साधारण १०० वॅटच्या आसपास असते. म्हणजे एकाच माणसाला तोच घाट अर्धा तास जास्त घेतला तर झेपतो आणि अर्धा तास वाचवायला गेले तर अंगावर येतो.

हळू चढण्याची सोय गिअर करून देतात. दीड तासाचा हिशेब म्हणजे ताशी ८ किलोमीटरचा वेग. पुढच्या आणि मागच्या चकतीला सारखेच दात असले, तर या वेगाला पाय मिनिटाला साठेक फेरे घेतात. जुन्या बिनगिअरच्या सायकलवर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक साधारण अडीच वेळा फिरते. तिथे पाय मिनिटाला जेमतेम पंचवीस फेरे घेतात आणि प्रत्येक फेऱ्याला अडीच पट जोर लागतो. हा जोर गुडघ्याच्या वाटीमागे जाणवतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात थोडासा बाक राहावा, ही सोपी खूण.

सहल एकाहून अधिक दिवसांची असेल, तर कॅरिअरला पिशव्या लागतात. १२ किलो सामान म्हणजे चढाच्या कामात सुमारे १४ टक्के वाढ. वाईतच ठेवता येईल ते वाईत ठेवावे.

श्वास हाच मीटर

घड्याळात नाडीचे आकडे दिसतात, पण त्याहून सोपी कसोटी बोलण्याची. चढताना एक पूर्ण वाक्य सलग बोलता आले तर वेग योग्य. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर गिअर उतरवावा. तो संपला असेल तर थांबावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे कमी राहते. त्यांच्यासाठी घड्याळातल्या आकड्यापेक्षा ही कसोटी जास्त भरवशाची.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराची पार्श्वभूमी असलेल्यांनी पहिल्या घाटाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर चढावर तर उतरतेच, पण घरी परतल्यावर काही तासांनीही उतरू शकते. छातीत दाब किंवा जडपणा, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, गरगरणे, थांबूनही न बसणारी धाप, यांपैकी काहीही झाले तर ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ हा विचारही करू नये. सायकल बाजूला घ्यावी, बसावे, सोबत्याला सांगावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अनेकदा जीव धोक्यात येतो तो दुखणे कळत नाही म्हणून नव्हे, तर चारचौघांत थांबण्याची लाज वाटते म्हणून.

पाणी, मीठ आणि केळे

स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होते. पसरणी चढताना उंचीपोटीच सुमारे ५०० किलोकॅलरी खर्च होतात, आणि त्यातून निघालेली उष्णता केवळ घामाने काढायची तर साधारण दोन-तृतीयांश लिटर पाणी लागते. सपाटीवर वारा अंग गार करतो. ताशी ८ किलोमीटरला तो नसतोच. म्हणून घाट उन्हाआधी संपवावा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटाघोटाने प्यावे. सहल कित्येक तासांची असेल, तर नुसते पाणी ढोसत राहणेही घातक. रक्तातले सोडियम उतरून डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा येऊ शकतो. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ओआरएस सोबत असावे. तासाभरापेक्षा लांबच्या चढाला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरेशी होतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात. एखादी चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडूही चालतो.

उताराचा हिशेब

सरावलेले सायकलस्वार महाबळेश्वरहून आल्या वाटेने परतत नाहीत. केळघर घाट उतरून ते वेण्णेच्या खोऱ्यात मेढ्याला येतात आणि तिथून साताऱ्याला जातात. वाई ते वाई हा फेरा साधारण १२० किलोमीटरचा. तो एका दिवसात करण्याची सक्ती कुणाची नाही. महाबळेश्वरला मुक्काम केला तर दोन्ही दिवस सुखाचे जातात.

या फेऱ्यात पायांची परीक्षा चढाला होते, पण हाडे मोडतात ती बहुतेक उताराला. चढताना साठवलेली सगळी ऊर्जा उतरताना परत मिळते आणि ती हवेत किंवा ब्रेकमध्ये जिरवावी लागते. सहाशे मीटरच्या उतारावरची ही ऊर्जा दीड लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल इतकी असते. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो. रिम ब्रेक असेल तर ट्यूब फुटू शकते, डिस्क ब्रेकची पकड ढिली पडू शकते. म्हणून वळणाआधी सरळ रस्त्यावर ठामपणे वेग कमी करावा, मग ब्रेक सोडून त्याला गार होऊ द्यावे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते, आणि ओल्या रस्त्यावर त्याहूनही वाढते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो; पावसाळ्यात धुके आणि शेवाळलेले रस्ते पाहता नवख्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. घामेजलेल्या अंगाला उतारावरचा वारा झोंबतो, तेव्हा पातळ जॅकेट हवे. ते नसेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी बरे काम करते.

तयारीही टप्प्याटप्प्यानेच व्हावी. चार-सहा आठवडे धोमच्या रस्त्यावर अंतर वाढवावे, मग पसरणी, मग पूर्ण फेरा. मधेच दम लागला तर उतरून सायकल ढकलत चालावे. उंचीचे काम तेवढेच होते, फक्त ताकद कमी लागते.

कृष्णा आणि वेण्णा दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या दऱ्यांतून उतरतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला पुन्हा भेटतात. घाटात मागे-पुढे झालेले सोबतीही खाली असेच भेटतात. चहा तेव्हाही गरम असतो.