अटक व कोठडीच्या नोंदी : माहिती मिळविण्याचे सार्वजनिक मार्ग
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीस पोलिसांनी ताब्यात घेतल्याची बातमी घरी पोहोचते तेव्हा कुटुंबापुढील पहिला प्रश्न दोषी की निर्दोष हा नसतो; माणूस आहे कोठे, हा असतो. कोणत्या ठाण्यात नेले, गुन्हा दाखल झाला काय, न्यायालयात केव्हा हजर करणार, पुढे कोणत्या कारागृहात ठेवणार, या प्रश्नांची उत्तरे जितकी उशिरा मिळतात तितकी वकील नेमण्याची व जामीन मागण्याची संधी दूर जाते.

बारामती व इंदापूर तालुक्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ऊस गाळपाच्या हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून तोडणी मजूर येथे येतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतीय कामगार राहतात, तर वसतिगृहांत बाहेरगावचे विद्यार्थी असतात. अशा व्यक्तीस अटक झाल्यास नातेवाईक दूर असतात आणि पहिली विचारणा मुकादमाकडे, घरमालकाकडे किंवा महाविद्यालयातील प्राध्यापकाकडे होते.

अमेरिकेच्या अनेक काउंट्यांमध्ये शेरीफ कार्यालये तुरुंगात दाखल झालेल्यांची यादी, कित्येकदा छायाचित्रासह, सर्वांसाठी प्रसिद्ध करतात. भारतात अशी एकच खुली यादी नाही. येथे अटकेची नोंद पोलीस ठाणे, जिल्हा नियंत्रण कक्ष, न्यायालय व कारागृह अशा निरनिराळ्या ठिकाणी क्रमाक्रमाने तयार होते. म्हणून कोणत्या टप्प्यावर कोणती नोंद कोठे असते, हे ठाऊक असणे हाच माहिती मिळविण्याचा खरा मार्ग होय. प्रस्तुत लेखात या टप्प्यांचे विवेचन केले आहे.

१. कायद्याचा पाया

संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीस अटकेची कारणे सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. या हमीला व्यवहारात उतरविण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणातील १८ डिसेंबर १९९६ च्या निर्णयाने केले. अटकेचा लेखी ज्ञाप तयार करावा, त्यावर साक्षीदाराची व अटक झालेल्याची सही असावी, नातेवाइकास वा मित्रास कळवावे, कोणास कळविले याची दैनंदिनीत नोंद करावी आणि अटकेची व कोठडीच्या ठिकाणाची माहिती १२ तासांच्या आत नियंत्रण कक्षास देऊन तेथील सूचनाफलकावर लावावी, असे निर्देश त्यात आहेत. नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात राहत असल्यास ८ ते १२ तासांच्या आत विधी साहाय्य संस्था व संबंधित भागातील पोलीस ठाणे यांच्यामार्फत त्यास कळवावे, असेही न्यायालयाने सांगितले. ऊसतोडणी मजुरांच्या बाबतीत या निर्देशाचे मोल सहज लक्षात येते.

हे निर्देश टप्प्याटप्प्याने फौजदारी प्रक्रिया संहितेत समाविष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली. तिच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षक या दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी नियुक्त करावयाचा असून, अटक झालेल्यांची नावे, पत्ते व आरोपित गुन्ह्याचे स्वरूप ही माहिती ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. ही माहिती प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयी ठळकपणे, डिजिटल स्वरूपासह, प्रदर्शित करावयाची आहे. कलम ४८ अन्वये नातेवाईक, मित्र किंवा आरोपीने सुचविलेली व्यक्ती यांना अटकेची व कोठडीच्या ठिकाणाची माहिती देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. अटकेची कारणे आरोपीस समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्व प्रकारच्या गुन्ह्यांना लागू केले.

२. पोलीस ठाणे व नियंत्रण कक्ष

शोधाची सुरुवात हद्दीपासून करावी लागते. दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या अखत्यारीत येतात; पुणे शहर व पिंपरी-चिंचवड ही आयुक्तालये स्वतंत्र आहेत. बारामती येथे अपर पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे. बारामती तालुक्यात बारामती शहर, बारामती तालुका, वडगाव निंबाळकर, माळेगाव आदी, तर इंदापूर तालुक्यात इंदापूर, भिगवण, वालचंदनगर आदी पोलीस ठाणी आहेत. इंदापूरची सीमा सोलापूर जिल्ह्याला, तर बारामतीची सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याला भिडते. त्यामुळे घटना एका जिल्ह्यात व अटक दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांकडून, असेही घडू शकते. स्थानिक ठाण्यात नोंद आढळली नाही, तर लगतच्या जिल्ह्यातील ठाण्यांतही चौकशी करावी.

ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदाराकडे तीन गोष्टी विचाराव्यात : अटकेची नोंद झाली आहे काय, गुन्हा रजिस्टर क्रमांक कोणता आणि तपासी अधिकारी कोण. यांपैकी गुन्हा रजिस्टर क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव व वर्ष ही त्रयी पुढील प्रत्येक कार्यालयात उपयोगी पडते. ठाण्यात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास जिल्हा नियंत्रण कक्षाकडे विचारणा करावी.

३. प्रथम खबर व अटक आरोपींची यादी

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर दिलेल्या निर्णयानुसार प्रथम खबर नोंदविल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. दळणवळणाच्या अडचणी असल्यास ही मुदत ४८ व कमाल ७२ तासांपर्यंत वाढते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी यांसारखी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत. म्हणजेच संकेतस्थळावर प्रथम खबर आढळली नाही, यावरून गुन्हाच दाखल नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक सेवा संकेतस्थळावर प्रसिद्ध प्रथम खबरी तसेच अटक आरोपींची माहिती जिल्हा, पोलीस ठाणे व दिनांक निवडून पाहता येते. येथे ‘पुणे ग्रामीण’ हा घटक निवडणे आवश्यक आहे. ‘पुणे शहर’ निवडल्यास बारामती-इंदापूरची ठाणी दिसणार नाहीत. नावाच्या लेखनात फरक पडू शकतो, म्हणून केवळ नावावर विसंबण्यापेक्षा ठाणे व दिनांक यांवरून शोध घेणे अधिक खात्रीचे ठरते.

४. प्रथम खबरीत न सापडणाऱ्या नोंदी

पोलिसांनी ‘नेले’ म्हणजे प्रत्येक वेळी गुन्ह्यात अटक झाली असे नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटकेची आवश्यकता नसेल तेव्हा कलम ३५(३) अन्वये हजर राहण्याची नोटीस दिली जाते. अर्नेशकुमार प्रकरणातील २ जुलै २०१४ च्या निर्णयानंतर अशा अटकेची कारणे नोंदविण्यावर भर आला. अशा व्यक्तीचे नाव अटक यादीत असणार नाही.

दुसरा प्रकार प्रतिबंधक कारवाईचा. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून कलम १७० अन्वये होणाऱ्या अटकेत प्रथम खबर नसते. शांतता राखण्याच्या किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीसाठी होणारी कार्यवाही, जिला बोलीभाषेत ‘चॅप्टर केस’ म्हणतात, ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते. तालुक्यात हे अधिकार तहसीलदारांकडे असतात. त्यामुळे तिचे कागद दिवाणी-फौजदारी न्यायालयात नव्हे, तर तहसील कार्यालयात शोधावे लागतात. निवडणुका व सणांच्या काळात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

५. न्यायालयातील नोंदी

अटकेनंतर २४ तासांच्या आत आरोपी न्यायालयापुढे येतो. सुटीच्या दिवशीही हा नियम सुटत नाही. इंदापूर येथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे, तर बारामती येथे त्याबरोबरच अतिरिक्त सत्र न्यायाधीशांचेही न्यायालय आहे. पोलीस कोठडी द्यावयाची की न्यायालयीन कोठडी, किती दिवसांची, पुढील तारीख कोणती, हे येथे ठरते. सुनावणी सामान्यतः खुल्या न्यायालयात होत असल्याने नातेवाइकास वा हितचिंतकास तेथे उपस्थित राहता येते. अटकेनंतरच्या पहिल्या दिवशी हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

ई-कोर्ट सेवेत पक्षकाराचे नाव, प्रकरण क्रमांक, सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक किंवा पोलीस ठाणे व प्रथम खबर क्रमांक यांवरून प्रकरण शोधता येते. जामीन अर्ज, त्यावरील आदेश व पुढील तारीख तेथे दिसू शकते. तथापि दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वीच्या कोठडी सुनावणीची नोंद या शोधात लगेच मिळेलच असे नाही; त्यासाठी संबंधित न्यायालयाच्या कार्यालयात विचारणा करावी लागते. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागाकडे अर्ज करावा लागतो, आणि प्रकरणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीस त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दोषारोपपत्र मात्र सर्वांसाठी संकेतस्थळावर खुले करावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी अमान्य केली.

६. कारागृहातील नोंदी

न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर आरोपी पोलिसांच्या ताब्यातून कारागृहाच्या ताब्यात जातो. तालुक्याच्या ठिकाणचे दुय्यम कारागृह किंवा येरवडा मध्यवर्ती कारागृह, यांपैकी कोठे पाठविले हे न्यायालयाच्या कोठडी वॉरंटवरून कळते. येरवड्यास महिलांसाठी स्वतंत्र कारागृह आहे. दुय्यम कारागृहासंबंधीची विचारणा तहसील कार्यालयाकडे, तर येरवड्यासंबंधीची कारागृह अधीक्षकांकडे करावी.

१८९४ च्या कारागृह अधिनियमाने दाखल बंद्यांची नोंदवही, सुटकेच्या दिनांकांची वही, शिक्षांची वही, अभ्यागतांची वही आणि बंद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद ठेवण्याचे बंधन घातले. या नोंदवह्या सर्वसामान्यांना चाळण्यासाठी खुल्या नाहीत. परंतु नातेवाइकास व वकिलास भेटीच्या निमित्ताने बंदी तेथे असल्याची खात्री करता येते. राष्ट्रीय कारागृह माहिती प्रणालीतील ई-मुलाकात सेवेद्वारे भेटीची नोंदणी घरूनही करता येते.

७. माहितीचा अधिकार व विधी साहाय्य

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार माहिती देण्याची सामान्य मुदत ३० दिवसांची असली, तरी व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती कलम ७(१) अन्वये ४८ तासांत द्यावी लागते. कोठडीतील व्यक्तीच्या ठावठिकाण्याबाबतच्या अर्जात या तरतुदीचा स्पष्ट उल्लेख करावा. तपासास बाधा येईल या कारणाने कलम ८(१)(ज) खाली माहिती नाकारता येते. परंतु केवळ तपास चालू आहे एवढे कारण पुरेसे नाही, बाधा कशी येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केले. वैयक्तिक माहितीविषयीच्या अपवादात मात्र डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने केलेली सुधारणा नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याने त्रयस्थाची माहिती मिळविणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे. व्यापक जनहिताची कलम ८(२) मधील तरतूद कायम आहे.

अर्जापेक्षा वकील अनेकदा अधिक लवकर उपयोगी पडतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी साहाय्यास पात्र असते. तालुका विधी सेवा समिती, पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि १५१०० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक हे त्याचे मार्ग होत. सर्व ठिकाणी नकार मिळून २४ तास उलटले, तर अनुच्छेद २२६ अन्वये बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका हा उपाय उरतो. लगतच्या सोलापूर व सातारा जिल्ह्यांची प्रकरणे ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील पीठाकडे जात असली, तरी पुणे जिल्ह्यासाठी मुंबई हेच ठिकाण आहे, हे ध्यानात ठेवावे.

८. नोंदीचा वापर व मर्यादा

अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे. यादीतील नाव पाहून विद्यार्थ्याचा प्रवेश, कामगाराची नोकरी किंवा कुटुंबाची प्रतिष्ठा पणास लावणे हे कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. नावसाधर्म्यामुळे भलत्याच व्यक्तीवर बालंट येण्याचा धोका ग्रामीण भागात विशेष असतो. म्हणून वय, गाव व गुन्हा क्रमांक जुळल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. अठरा वर्षांखालील मुलामुलींची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. अशा मुलास पोलीस कोठडीत वा कारागृहात ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

निष्कर्ष

अटकेची नोंद उघड करण्याचा नियम जिज्ञासूंच्या सोयीसाठी जन्मास आलेला नाही. कोणीही माणूस नोंदीविना कोठडीत राहू नये, यासाठी तो निर्माण झाला आहे. सूचनाफलक, प्रथम खबर, न्यायालयाचा आदेश, कोठडी वॉरंट व कारागृहाची नोंदवही ही एकाच साखळीची कडी आहेत. एक कडी सापडली की पुढची शोधता येते; एखादी कडी मुळातच नसेल, तर तीच तक्रारीची जागा असते. ही साखळी वकिलांना ठाऊक असते. ती ऊसतोडणी मजुराच्या घरी ठाऊक नसते, आणि तिची गरज तेथेच सर्वाधिक असते. ज्याच्याकडे पहिला दूरध्वनी येतो त्या शिक्षकास ठाणे, गुन्हा क्रमांक, न्यायालय व विधी सेवा समिती हा क्रम सांगता आला, तर अटकेनंतरचे पहिले २४ तास वाया जाणार नाहीत.