दुखावलेला सोबती

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा एक प्रकार असा आहे की, त्यात खेळाडूला केवळ नेम धरावयाचा किंवा शत्रूचा वार चुकवावयाचा नसतो. कथेतील एखाद्या पात्राचे आयुष्य काही काळ आपले म्हणून जगावयाचे असते. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव 'रोल-प्लेइंग गेम' असे आहे. सोयीसाठी आपण त्यास भूमिका-खेळ म्हणू. या खेळांतील नायक बहुधा एकटा फिरत नाही. वाटेत त्याला माणसे भेटतात, त्यांतील काही त्याच्याबरोबर चालू लागतात, आणि त्यांच्यात एखादा तरी मनात सल बाळगून असलेला निघतो. कोणी धन्याच्या छळातून सुटून आलेला असतो, कोणी शपथेने जखडलेला असतो, कोणाला ज्या देवतेच्या सेवेत वाढविले तिनेच फसविलेले असते. असा दुखावलेला सोबती आपल्या बाजूस कसा येतो आणि आल्यावर टिकतो कशामुळे, हा या खेळांच्या रचनेतील सर्वांत अवघड प्रश्न होय.

भिलाईच्या परिसरात वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिलेला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेला पोलादाचा कारखाना. परंतु त्याच्या आसपासची दुर्ग जिल्ह्यातील गावे आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत, ती म्हणजे पंडवानी. पांडवांची कथा गाऊन, बोलून आणि अभिनयाने सांगण्याची ही छत्तीसगढी परंपरा. तिच्या दोन शाखा मानल्या जातात. वेदमती शाखेत गायक बसून कथा सांगतो. कापालिक शाखेत तो उभा राहतो, रंगमंचावर वावरतो आणि पात्रे वठवितो. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई या दुसऱ्या शाखेतल्या. स्त्रीने उभे राहून पंडवानी गाणे त्या काळी मान्य नव्हते. गाण्यापायी त्यांना समाजाबाहेर पडावे लागले आणि झोपडी बांधून एकटीने राहावे लागले. पुढे त्याच तीजनबाईंना भिलाई इस्पात कारखान्यात नोकरी मिळाली, देशोदेशी त्यांचे कार्यक्रम झाले आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान लाभला.

त्यांच्या हातातील मोरपिसे लावलेला तंबोरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, तर क्षणात द्रौपदीचे केस. एकाच व्यक्तीने अनेक भूमिका घ्यावयाच्या, आणि तरीही कथा पुढे नेणारे आपण आहोत याचे भान सोडावयाचे नाही, ही भूमिका-खेळाचीच रीत नव्हे काय? शिवाय पंडवानी गाणारा एकटा नसतो. त्याच्या शेजारी 'रागी' असतो. हा रागी ओळी पुन्हा म्हणतो, हुंकार भरतो, मध्येच 'मग पुढे काय झाले?' असे विचारतो, कधी शंका काढतो, कधी थट्टाही करतो. हा मुख्य गायकाचा चाकर नव्हे. त्याचा हुंकार चुकला की कथेचा ताल चुकतो. सोबती कशासाठी असतो याचे इतके नेमके उत्तर खेळ रचणाऱ्यांच्या हाती लागावयास बरीच वर्षे जावी लागली.

भूमिका-खेळाचा उगम संगणकावर झालेला नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून फाशांनी खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्राला काही गुण आकड्यांत दिलेले असत. बळ, बुद्धी, चपळाई यांच्या जोडीला व्यक्तिमत्त्वाची छाप हाही एक गुण होता. आपल्या पदरी किती अनुचर बाळगता येतील आणि ते कितपत एकनिष्ठ राहतील, हे त्या आकड्यावर ठरे. प्रसंग बिकट झाला की फासा टाकून अनुचराचे धैर्य तपासले जाई, आणि दान वाईट पडले तर तो पळून जाई. येथे सोबती म्हणजे भाडोत्री शिपाई होता. त्याला पूर्वायुष्य नव्हते, मग दुःख कोठून असणार? तथापि एक बीज या जुन्या नियमांत होतेच: सोबत्याची निष्ठा गृहीत धरावयाची नाही.

संगणकाने हे आकडे पडद्याआड नेले. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट' या खेळात नायकाच्या लौकिकाचा एक मोजलेला अंक असे. लौकिक फार वाढला की दुष्ट प्रवृत्तीचे सोबती कुरकुर करून निघून जात, फार घसरला की सज्जन निघून जात. विरुद्ध स्वभावाचे दोघे एकत्र ठेवले तर वाटेतच त्यांची हातघाई होई. निघून जाणारा सोबती अंगावरची शस्त्रे आणि चिलखत घेऊन जाई. म्हणून काही हिशेबी खेळाडू, तो जाणार अशी चिन्हे दिसताच आधी त्याचे चिलखत उतरवून घेत. हे ऐकून आपल्याला ब्राह्मणाच्या वेषात दाराशी आलेला इंद्र आठवल्यावाचून राहत नाही.

कर्णाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. दुखावलेल्या माणसाला आपल्या बाजूस वळविण्याचे जे प्रयत्न आपल्या वाङ्मयात वर्णिले आहेत, त्यांतील दोन सर्वांत मोठे प्रयत्न कर्णाच्याच बाबतीत झाले. पंडवानीच्या श्रोत्याला ते तोंडपाठ असतात आणि 'मृत्युंजय' वाचलेल्या मराठी वाचकालाही ते नव्याने सांगावयास नकोत. पण खेळाच्या रचनेच्या दृष्टीने ते पुन्हा पाहण्याजोगे आहेत.

पहिला प्रयत्न दुर्योधनाचा. रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, कृपाचार्य त्याचे कुळ विचारतात आणि कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तेथल्या तेथे त्याला अंग देशाचा राजा करतो. याच्या मोबदल्यात काय देऊ, असे कर्णाने विचारल्यावर त्याने मागितले ते केवळ सख्य. लगेच वृद्ध अधिरथ तेथे येतो, अभिषेकाने ओले झालेले मस्तक कर्ण त्याच्या पायांवर ठेवतो, भीम सूतपुत्र म्हणून हिणवतो, आणि तरीही दुर्योधन मागे हटत नाही. दुर्योधनाचा हेतू शुद्ध नव्हता. अर्जुनाला तोडीस तोड त्याला हवा होता. पण राज्याच्या देणगीपेक्षा तिची वेळ मोठी होती. भर सभेत मान खाली गेलेली असताना कोणीतरी शेजारी येऊन उभे राहिले, हे कर्ण जन्मभर विसरला नाही.

दुसरा प्रयत्न श्रीकृष्णाचा. शिष्टाई फसल्यावर हस्तिनापुराहून निघताना तो कर्णाला रथात घेतो, त्याला त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो आणि देऊ करतो ते सर्व काही: ज्येष्ठत्व, राज्य, पाच भावांची सेवा, द्रौपदीसुद्धा. याहून मोठी देणगी असू शकत नाही. कर्ण नकार देतो. राधेने आपल्याला वाढविले, अधिरथाने आपल्याला पुत्र मानले, दुर्योधनाच्या आश्रयाने आपण राज्य भोगले, हे तो सांगतो. शिवाय हे रहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण कळल्यास तो राज्य माझ्या स्वाधीन करील आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन, असेही बजावतो. कृष्णाने देऊ केले त्यात खोटे काही नव्हते. पण ते यावयाचे तेव्हा आले नाही. जो सल होता तो राज्य नसल्याचा नव्हता.

आता संगणकाच्या खेळांकडे वळू. २००९ च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' या खेळात प्रत्येक सोबत्याची मर्जी उणे शंभर ते अधिक शंभर अशा पट्टीवर मोजली जाई. नायकाचा निर्णय आवडला की अंक चढे, नावडला की उतरे. आणि मुक्कामाच्या तळावर सोबत्याला भेटवस्तू दिली तरीही अंक चढे. प्रत्येकाची आवड निराळी. काही भेटी त्याच्या पूर्वायुष्याशी निगडित असत, हरवलेल्या माणसाची आठवण जागविणाऱ्या असत; त्या मनाला भिडत. पण उरलेल्या भेटींच्या बाबतीत घडे ते असे: सोबत्याच्या डोळ्यांदेखत घोर अन्याय करावा आणि रात्री तळावर त्याच्या आवडीच्या चार वस्तू देऊन हिशेब बरोबर करावा. लाच आणि यात फारसा फरक नाही. कर्णाला जिंकण्याची ही कृष्णाची पद्धत झाली, आणि खेळात ती यशस्वी होई. हाच त्या रचनेतील दोष.

दोन वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच मालिकेच्या दुसऱ्या खेळात हा दोष काही अंशी दूर करण्यात आला. मर्जीच्या पट्टीचे एक टोक आता मैत्री आणि दुसरे टोक प्रतिस्पर्धा असे झाले. सोबत्याशी सतत, पण प्रामाणिकपणे मतभेद दाखविणारा नायकही त्याच्याशी घट्ट बांधला जाऊ लागला. संकटाच्या वेळी गमावला जाण्याचा धोका राहिला तो मधोमध लोंबकळणाऱ्या नात्यात, जेथे नायकाने कधी गोड बोलून वेळ मारून नेली आणि कधी दुर्लक्ष केले. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सुधारणा जितकी गाजावयास हवी होती तितकी गाजली नाही.

परंतु या सर्वांच्या आधी, १९९९ मध्येच, 'प्लेनस्केप: टॉरमेंट' या खेळाने प्रश्नाच्या मुळाला हात घातला होता. त्यातील नायक मरत नाही. पुनःपुन्हा उठतो आणि दर वेळी मागचे विसरतो. त्याला डॅकॉन नावाचा एक वृद्ध योद्धा भेटतो आणि फारसे न विचारताच बरोबर येतो. खेळाडूला वाटते, किती सोपे काम! पुढे उलगडते ते असे: नायकाच्याच एका पूर्वरूपाने, श्रद्धा ढळलेल्या या माणसाला त्याच्या धर्माचे शिलाग्रंथ देऊन वाचविले होते, पण ते हिशेबाने. त्या उपकाराच्या भारात डॅकॉनने नायकाच्या मृत्यूपर्यंत सेवा करण्याची शपथ घेतली. ज्याला मृत्यूच नाही त्याच्याशी अशी शपथ! सोबत म्हणून जे दिसत होते ती वेठ होती, आणि तिचा मालक स्वतः खेळाडू होता. डॅकॉनच्या हातातील शस्त्र त्याच्या मनाप्रमाणे आकार घेते. मन द्विधा झाले की त्याची धार बोथटते. त्याला काही देऊन येथे भागत नाही. त्याच्यासमोर शिष्य होऊन बसावे लागते, ती शिकवण एकेक पाकळी उलगडत त्याच्याकडून समजून घ्यावी लागते, अर्थ विचारावे लागतात. शिकविता शिकविता त्याची स्वतःची श्रद्धा सावरते. खेळाडूने केलेले काम म्हणजे काय, तर रागीचे काम: नीट ऐकणे आणि योग्य ठिकाणी प्रश्न विचारणे.

बेल्जियममधील लारियन या संस्थेने २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' प्रसिद्ध केला, त्यातील दोन पात्रांवर थोडे थांबावयास हवे. अ‍ॅस्टेरियन हा दोनशे वर्षे एका क्रूर धन्याचा बंदा होऊन राहिलेला रक्तपिपासू. तो गोडबोल्या आहे, खोटे बोलतो, एका रात्री झोपलेल्या नायकाचे रक्त पिण्यास येतो. दुबळ्यांवर केलेली दया त्याला आवडत नाही, क्रौर्य आवडते; म्हणजे केवळ मर्जीचा अंक वाढविण्याच्या मागे लागलेला खेळाडू स्वतःच हळूहळू निर्दय होतो. शेवटी जुन्या धन्याचाच विधी स्वतःसाठी पुरा करून अमर्याद सामर्थ्य मिळविण्याची संधी अ‍ॅस्टेरियनपुढे येते. साहाय्य करा, अशी त्याची विनवणी असते. ते केले तर तो आनंदित होतो आणि त्या धन्यासारखाच होतो. त्याला परावृत्त केले तर तो ढसढसा रडतो, पण मोकळा होतो. सोबत्याचे मन राखणे आणि त्याचे भले करणे या दोन वस्तू येथे स्पष्टपणे वेगळ्या झाल्या.

दुसरे पात्र शॅडोहार्ट. अंधाराच्या देवीची ही उपासिका. तिच्या स्मृती पुसलेल्या आहेत आणि लहानपणी आपल्याला आईवडिलांपासून पळवून आणले गेले हे तिला ठाऊक नाही. देवीच्या आज्ञेने एका बंदिवान स्त्रीचा वध करण्यासाठी तिने भाला उचलला आहे, हा तिच्या कथेतील निर्णायक क्षण. त्या वेळी खेळाडूने 'मारू नकोस' म्हणून तिला अडवू पाहिले तर फार अवघड दान पडावे लागते. पण मागील सर्व प्रवासात तिचा विश्वास संपादन केला असेल, तर निर्णय तिच्यावर सोडून गप्प राहिले तरी पुरते. ती आपण होऊन भाला दूर फेकते. शंभर तास खेळल्यानंतर खेळाडूच्या वाट्याला येणारी सर्वांत महत्त्वाची कृती काही न बोलण्याची असावी, हे या कलेचे वय वाढल्याचे लक्षण होय.

यंत्राच्या पातळीवर पाहिले तर आतमध्ये अजूनही आकडेच आहेत: अमुक अंकाच्या वर गेले की अमुक संवाद उघडतो, अमुक प्रसंगी अमुक खूण ठेवली गेली असेल तर अमुक दार उघडते. कित्येक खेळांत त्यासाठी रात्रीचा तळ योजलेला असतो. लढाई संपलेली असते, जाळ पेटलेला असतो, आणि त्या दिवशी काय घडले त्यावर ज्याचा त्याचा बोलण्याचा विषय ठरतो. खेळाडू तळावर न थांबता पुढे पळत राहिला तर हे संवाद घडतच नाहीत, आणि सोबती शेवटपर्यंत केवळ एक तलवार राहतो.

एका बाबतीत मात्र हे खेळ बहुधा कच्चे राहतात. त्यांतील सोबती एक तर आपला होतो, नाहीतर निघून जातो. कृष्णाला नकार दिल्यावर नदीकाठी कर्णाला कुंती भेटते. तिच्याही शब्दाने तो पक्ष बदलत नाही. परंतु अर्जुनावाचून तुझ्या चौघा पुत्रांना मी मारणार नाही आणि काहीही झाले तरी तुझे पाच पुत्र राहतील, असे वचन देतो. युद्धात तो ते पाळतो: भीम त्याच्या हाती सापडतो, युधिष्ठिर सापडतो, नकुल-सहदेव सापडतात, आणि तो त्यांना सोडून देतो. शत्रूच्या गोटात राहून इतके देणाऱ्या माणसाची नोंद मर्जीच्या पट्टीवर नेमक्या कोणत्या अंकाशी करावयाची, हे अद्याप कोणत्याही रचनाकाराला सहज सांगता यावयाचे नाही.